खत गव्हाला की बथुआला? देपालपूरजवळच्या एका सेंद्रिय शेताचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

इंदूरमध्ये चार पिढ्यांपासून स्थायिक असलेल्या एका मराठी कुटुंबाची देपालपूर तहसिलीत वडिलोपार्जित जमीन आहे. शहराच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवरची ही जमीन माळव्यातल्या बहुतेक जमिनींसारखीच खोल, काळी आणि चिकण आहे. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू हा क्रम तिथे वर्षानुवर्षे चालत आलेला. थोरले भाऊ शहरात नोकरीत, शेतीचा कारभार धाकट्याकडे आणि प्रत्यक्ष काम गावातल्या एका माळवी वाटेकऱ्याकडे, अशी घरची व्यवस्था होती. धाकट्यांनी एकूण जमिनीपैकी ५ एकरांचा एक सलग तुकडा सेंद्रिय करायचे ठरवले. त्यामागे भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता: बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) आणि लाडू यांसाठी जाडसर दळता येणारा माळवी कठिया (डुरम) गहू घरपोच घेणारी गिऱ्हाइके त्यांच्या ओळखीत होती, आणि रसायनांशिवाय पिकवलेल्या गव्हाला मंडीतल्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे द्यायची त्यांची तयारी होती.

सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांना २ वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो. त्यातल्या पहिल्या वर्षी फारसे काही बिघडले नाही, कारण आधी घातलेल्या खतांचा शिलकी अंश जमिनीत होता आणि सतत तणनाशके फवारली गेल्यामुळे तणांच्या बियांचा साठाही मर्यादेत होता. दुसऱ्या रब्बीत, जानेवारीच्या मध्यावर गहू कांडीवर येत असताना, चित्र पालटले. गव्हाची खालची पाने टोकाकडून पिवळी पडत देठाकडे वाळत चालली होती, नवी पाने फिकट होती आणि फुटवे मोजकेच धरले होते. ओळींमधल्या जागेत मात्र बथुआ हे तण गुडघ्याला लागत होते, त्याच्याखाली कृष्णनील आणि सेंजी ही तणे पसरली होती, आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात हिरनखुरीच्या वेलांनी गव्हाच्या ताटांना विळखे घालून त्यांना आडवे पाडायला सुरुवात केली होती.

घरात यावर दोन मते पडली. थोरल्यांचे म्हणणे असे की खत कमी पडले आहे, तेव्हा पुढच्या वर्षी शेणखताच्या ट्रॉल्या दुप्पट कराव्यात. वाटेकऱ्याचे म्हणणे असे की खताचा काही दोष नाही, तण माजले आहे, आणि एक फवारा मारू दिला असता तर ही वेळच आली नसती. धाकटे भाऊ वैतागून म्हणाले, ‘‘दादा, खत मागच्या वर्षापेक्षा जास्तच घातलंय, आणि निंदणीचे पैसेही दोनदा मोजलेत.’’ खत आणि तण हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे धरूनच सगळे बोलत होते, आणि माझ्या मते घोळ तिथेच होता.

निदान

शेतातून फिरताना दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरत होत्या. पहिली ही की गहू पिवळा असला तरी बथुआ गडद हिरवा होता, आणि ज्या जमिनीत नत्रच नाही तिथे बथुआ असा कधीच दिसत नाही. दुसरी खूण बांधाजवळ होती. तिथे खत पसरण्यापूर्वी काही आठवडे उकिरड्यातल्या खताचे ढीग उतरवून ठेवले होते. प्रत्येक ढिगाच्या जागी आता गव्हाचे एक गर्द वर्तुळ होते, आणि त्याच वर्तुळात बथुआही कमरेइतका वाढलेला होता. म्हणजे खतात दम होता. तो मुरायला जिथे वेळ मिळाला तिथे पीकही खुलले होते, पण त्या खताबरोबर तणाचे बीही आले होते.

चौकशीत खताचा इतिहास कळला. गोठ्यातले शेण, सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा), गव्हाचा भिजलेला भुसा आणि जनावरांनी टाकलेला चारा हे सर्व वर्षभर एका ढिगावर पडत असे. ढिगाला पाणी दिले जात नसे आणि तो कधी परतलाही जात नसे, त्यामुळे वरचा थर वाळून जाई आणि तळ चिखलासारखा, हवा नसलेला राही. असा ढीग आतून तापत नाही, आणि जो तापला नाही त्यातले तणाचे बी मरत नाही. बथुआचे बी जनावराच्या पोटातूनही शाबूत बाहेर पडते आणि जमिनीत वर्षानुवर्षे रुजण्याजोगे राहते, हे ध्यानात घेतले तर या उकिरड्यातून दरवर्षी शेतात काय पेरले जात होते ते समजते. हे अर्धवट कुजलेले खत पेरणीच्या आठवडाभर आधी शेतभर फेकून वखराने मातीच्या वरच्या थरात मिसळले गेले होते.

त्यातून जे घडले ते नीट उलगडून पाहणे भाग आहे. गव्हाच्या भुशात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८० ला १ असते. हे गुणोत्तर २५ ते ३० च्या वर असलेला पदार्थ जमिनीत गेला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले उपलब्ध नत्र उचलून घेतात, आणि त्यांचे काम आटोपेपर्यंत ते पिकाला मिळत नाही. त्यातच माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. जमीन १० अंशांनी थंड झाली की या जिवाणूंचे काम ढोबळमानाने निम्म्यावर येते. म्हणजे पेरणीनंतर लगेच नत्र अडकून पडले, आणि ते सुटायला हवे होते तेव्हा थंडीने त्याची गती मंदावली. गव्हाला नत्राची सर्वात मोठी भूक कांडी धरताना लागते. युरिया देणारा शेतकरी त्या वेळी पाण्याबरोबर चार मुठी टाकून मोकळा होतो, सेंद्रिय शेतकऱ्याला ती सोय नाही. जे थोडे नत्र मोकळे झाले ते वरच्या ५ सेंटिमीटरच्या थरात, आणि तिथे गव्हाच्या मुळांपेक्षा तणाची मुळे दाट होती. त्यातही मातीतले नायट्रेट (नत्राचे विरघळणारे रूप) आणि प्रकाश हे दोन्ही बथुआच्या बियांना रुजायला चालना देतात, त्यामुळे वरवर फेकलेले खत हे एका अर्थी तणाला धाडलेले आमंत्रणच होते.

थोरल्यांचा उपाय मान्य करून ट्रॉल्या दुप्पट केल्या असत्या, तर भुसाही दुप्पट झाला असता आणि बीही.

नत्राचा हिशेब

निदान पटले तरी हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. गव्हाच्या १ टन दाण्यामागे, भुशासह, साधारण २५ किलो नत्र पीक उचलते. एकरी १० क्विंटल उत्पादनाचे माफक लक्ष्य धरले तर एकरी २५ किलो नत्र पिकाच्या मुळाशी आणि वेळेवर पोचले पाहिजे. साध्या शेणखतात नत्र ०.५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यातले पहिल्या हंगामात पाव हिस्सा मिळाले तरी पुष्कळ. एकरी ४ टन शेणखत घातले तर कागदावर २० किलो नत्र दिसते, पण पिकाच्या पदरात ५ किलो पडते. बाकीचे पुढच्या वर्षांसाठी ठेव म्हणून राहते, आणि ही ठेव साचायला तीन-चार हंगाम लागतात, म्हणूनच रूपांतराची सुरुवातीची वर्षे सर्वात ओढीची असतात.

सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र सोडून जाते, असे घरात सर्वजण गृहीत धरून चालले होते. ही समजूत माळव्यात फार खोलवर रुजलेली आहे आणि ती बरीचशी चुकीची आहे. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्के प्रथिने, म्हणजे ६ टक्क्यांहून अधिक नत्र असते. एकरी ६ क्विंटल दाणा शेतातून उचलला की जवळजवळ ४० किलो नत्र बाहेर गेले. मुळांवरच्या गाठींनी हवेतून मिळवलेले नत्र यातला मोठा भाग भागवते, क्वचितच त्याहून जास्त मिळवते. गळलेली पाने आणि मुळे यांचा थोडा लाभ गव्हाला होतो, पण त्याच्या भरवशावर गव्हाचे खत कमी करता येत नाही, आणि सोयाबीनचे कुटार शेताबाहेर गेले तर तेवढाही होत नाही.

जीवामृताबद्दलही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. या कुटुंबाने दर पाण्याबरोबर एकरी २०० लिटर जीवामृत सोडले होते आणि त्यावर त्यांची श्रद्धा होती. १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन यांतले एकूण नत्र मोजले तर ते एका वेळेला २०० ग्रॅमच्या आसपास भरते. जिवाणूंना चालना मिळत असेल, मातीचा पोत सुधारत असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु २५ किलोंच्या गरजेपुढे या २०० ग्रॅमना खत म्हणणे हिशेबात बसत नाही.

स्फुरदाचा (फॉस्फरसचा) प्रश्न वेगळा आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) साधारण ७.५ च्या वर असतो, आणि अशा चुनखडीच्या अंगाच्या मातीत रॉक फॉस्फेट नुसते टाकले तर ते जवळजवळ विरघळतच नाही. जवळच्या झाबुआ जिल्ह्यात मेघनगरला रॉक फॉस्फेट निघते आणि सेंद्रिय नियमांत ते चालते, पण ते कंपोस्टच्या ढिगातच घालावे, म्हणजे कुजताना तयार होणारी आम्ले त्याला थोडेफार मोकळे करतात. बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची आणि अ‍ॅझोटोबॅक्टरची प्रक्रिया १० किलोंना २५० ग्रॅम या प्रमाणात केली गेली. तिचा खर्च नगण्य असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

उकिरड्याचे कंपोस्ट

इंदूरच्या माणसाला कंपोस्टसाठी बाहेर पाहण्याची गरज पडू नये. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरमध्ये, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी तेव्हा असलेल्या वनस्पती उद्योग संस्थेत, यशवंत वाड यांच्या सहकार्याने जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. त्या शहरात राहणाऱ्या घराच्या उकिरड्याला वर्षभर कोणी हात लावू नये, याचे मला नवल वाटले. पण गोठा एकाकडे, शेत दुसऱ्याकडे आणि हिशेब तिसऱ्याकडे असला की असे होते.

पद्धतीत गूढ काही नाही. सोयाबीनचे कुटार, भुसा, ओला हिरवा पाला, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे पातळ थर द्यायचे, ओल राखायची आणि साधारण तीन महिन्यांत तीनदा परतायचे: पहिल्यांदा दोन आठवड्यांच्या आत, मग आणखी दोन आठवड्यांनी, आणि शेवटी दोन महिन्यांच्या सुमारास. ढीग नीट जमला तर काही दिवसांत आतले तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. बहुतेक तणांचे बी सलग काही दिवस ५५ अंशांच्या वर टिकत नाही, परंतु ढिगाची बाहेरची बाजू तेवढी तापत नसल्यामुळे परतताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर काढणे हे या कामाचे मर्म आहे. वाटेकऱ्याला थर्मामीटरपेक्षा लोखंडी सळई अधिक पटली. ढिगात पाव तास खुपसून ठेवलेली सळई बाहेर काढल्यावर मुठीत धरवली नाही तर ढीग तापला, आणि सहज धरवली तर पाणी किंवा शेण कमी पडले, ही खूण त्याने एकदा पाहून कायमची लक्षात ठेवली.

हा ढीग मेमध्ये लावून ऑगस्टमध्ये तयार होईल असे वेळापत्रक ठरले, पण माळव्याच्या पावसात उघडा ढीग धुऊन निघतो आणि त्यातले नत्र वाहून जाते. म्हणून तो उंचवट्यावर लावून वर ताडपत्री टाकली. असे कंपोस्ट नत्राने साध्या शेणखतापेक्षा सकस निघते, ०.८ टक्के धरले तर एकरी ४ टनांतून पहिल्या हंगामात ८ किलोंच्या आसपास हाती लागते. जमिनीच्या स्वतःच्या सेंद्रिय साठ्यातून रब्बीत सुटणारे १० ते १२ किलो त्यात मिळवले, तरी ५ ते ७ किलोंची तूट उरते.

ती तूट पेंडीने भरायची ठरली. निंबोळी आणि एरंडीच्या पेंडीत ४ ते ५ टक्के नत्र असते आणि शेणखताच्या मानाने ते लवकर सुटते. एरंडीची पेंड लवकर, निंबोळीची थोडी सावकाश. दोन्ही निम्म्या-निम्म्या मिळून एकरी २५० किलो घेतल्या. (एरंडीच्या पेंडीची पोती जनावरांपासून दूर ठेवावी लागतात, ती त्यांना विषारी असते.) पेंड कुठे आणि केव्हा घालायची हा कळीचा निर्णय होता. फेकली तर तण खाणार, म्हणून दोन तृतीयांश पेंड पेरणीच्या वेळीच फणामागून ओळीत, बियाण्याच्या खाली पडेल अशी दिली; उरलेली पहिल्या कोळपणीच्या (ओळींमधली माती हलवून तण काढण्याच्या) आधी ओळीला लागून टाकली आणि कोळप्याने मातीआड केली. जानेवारीत नत्र हवे असेल तर पेंड नोव्हेंबरात जमिनीत गेलेली असली पाहिजे. पीक पिवळे पडल्यावर धावपळ करण्यात इथे काही हशील नसते.

पेरणीपूर्वीचे तण, पेरणीनंतरचे तण

तणाविरुद्धची निम्मी लढाई गहू पेरण्यापूर्वी होते. त्यासाठी वेळ हवा आणि तो वेळ सोयाबीनच्या जातीतून काढावा लागला. उशिरा येणाऱ्या जातीऐवजी जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ यांसारखी ९० दिवसांच्या आत येणारी जात घेतली तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रान मोकळे होते. मग ओलवणी (पेरणीपूर्वीचे पाणी) द्यायची, वापसा आल्यावर, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर झाल्यावर, रान हलके वखरून ठेवायचे आणि दहा-बारा दिवस काहीच करायचे नाही. या काळात बथुआ, सेंजी आणि ‘अकरा’ या तणांचा पहिला लोंढा रुजून वर येतो. तो दोन पानांवर असताना उथळ वखरपाळी दिली की मरतो. पाळी उथळ असणे अत्यावश्यक आहे. ट्रॅक्टरवाला सवयीने खोल जातो आणि खालचे ताजे बी वर आणून ठेवतो, म्हणून पहिल्या वर्षी धाकटे भाऊ स्वतः त्याच्याबरोबर फिरले. त्यानंतर बी खालच्या ओलीत, ५ सेंटिमीटरवर पडेल असे पेरले. वरचा थर कोरडा राहिल्याने पहिले पाणी देईपर्यंत तणाला रुजायला ओलच मिळाली नाही.

फार थांबणेही परवडत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडे गेली तर मार्चच्या उष्म्यात दाणा सुकतो. म्हणून एकच लोंढा मारायचा, दुसऱ्याची वाट पाहायची नाही, असे ठरले.

पेरणीत ओळींची रचना बदलली. २२.५ सेंटिमीटरच्या सरसकट ओळींऐवजी फण सरकवून १५ सेंटिमीटरच्या जोडओळी आणि दोन जोडींमध्ये ३० सेंटिमीटरचे अंतर ठेवले, त्यामुळे एकूण ओळी तेवढ्याच राहिल्या आणि मधल्या पट्ट्यात हातकोळपे चालवता आले. जोडीच्या आतले तण हाताने उपटावे लागते, हा तोटा स्वीकारला. कोळप्यात काही रोपे जातातच, म्हणून कठिया गव्हाचे बियाणे एकरी ५० किलोंऐवजी ५५ किलो धरले आणि ते चाळून घेतले, कारण गुल्ली-डंडा आणि रान ओट या गवती तणांचे बी बहुधा घरच्या बियाण्यातूनच शेतात येते.

मुकुटमुळे (खोडाच्या तळाशी येणारी पक्की मुळे) फुटण्याच्या वेळी, म्हणजे २०-२१ दिवसांनी, पहिले पाणी टाळता येत नाही आणि ते दिले की तणाचा दुसरा लोंढा उठतो. इथे काळ्या जमिनीचा स्वभाव आडवा येतो. पाण्यानंतर लवकर शिरले तर कोळप्याच्या पात्याला मातीचे गोळे चिकटतात आणि तण कापले न जाता फक्त दाबले जाऊन पुन्हा उभे राहते. उशीर झाला तर माती टणक होऊन ढेकळांबरोबर गव्हाची रोपेही उचलली जातात. हे दोन टोकांमधले दिवस माळव्यात तीन-चारच असतात. मातीची मूठ वळून ती छातीच्या उंचीवरून सोडावी, ती चपटी न होता फुटून विखुरली तर कोळपे घालावे, ही वाटेकऱ्याची कसोटी कोणत्याही दिनदर्शिकेपेक्षा भरवशाची ठरली. पाचही एकर एकाच दिवशी भिजवले तर सगळे वापशावर एकाच वेळी येतात आणि माणसे पुरत नाहीत, म्हणून पाणी दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत दिले. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात ते भेगा बुजून ओल टिकते म्हणून; पण सेंद्रिय गव्हात तिचा आणखी एक लाभ आहे. माती मोकळी होऊन हवा शिरली की थंडीतही नत्र सुटायला थोडा वेग येतो.

पेरणीनंतरच्या पहिल्या ४० दिवसांत गहू तणमुक्त राहिला की तो स्वतः सावली धरतो. त्यानंतर उरलेल्या बथुआच्या झाडांनी पिकाचे फारसे नुकसान होत नाही. तरीही फेब्रुवारीत एक फेरी मारून ती बी धरण्यापूर्वी उपटली गेली, कारण एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी येते आणि ते पुढच्या कित्येक हंगामांना पुरते. आधीच्या खुरपणीत निघालेला कोवळा बथुआ बायकांनी भाजीला नेला आणि उरलेला म्हशींपुढे गेला, तेव्हा मजुरीचा एवढा तरी परतावा मिळाला.

जातीचा प्रश्न आणि पोटिया

उत्पादन सुधारल्यावर एक वेगळीच अडचण पुढे आली. कठिया गव्हाचे मोल त्याच्या काचेसारख्या, अंबरी रंगाच्या टणक दाण्यात असते. या शेतातल्या दाण्यांवर पांढरट, पिठूळ डाग दिसत होते. दाणा आडवा कापला तर अर्धा भाग पारदर्शक आणि अर्धा खडूसारखा निघे. माळव्यात याला पोटिया म्हणतात. दाणा भरताना नत्र अपुरे पडणे हे त्याचे मुख्य कारण, आणि उशिरा दिलेले जादा पाणी हे दुसरे. अशा गव्हातून रवाळ पीठ कमी निघते, आणि बाफल्यांसाठी गहू घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ते पहिल्याच दळणात ओळखले. आधी निवडलेली पुसा तेजस ही जात चांगली असली तरी ती भरपूर खत-पाण्याला दाद देणारी, ठेंगणी जात आहे. शेजारच्याने एकरी २० क्विंटल काढला म्हणून तीच जात सेंद्रिय तुकड्यात घेणे मला पहिल्यापासून पटत नव्हते.

यावर दोन बदल केले गेले. कठिया फक्त २ एकरांत, आणि तोही खरिपात ताग गाडलेल्या तुकड्यात. ताग जूनमध्ये पेरून ऑगस्टमध्ये गाडला तर सप्टेंबरच्या पावसात तुंबलेल्या काळ्या जमिनीतून बरेच नत्र हवेत निघून जाते. म्हणून तो जुलैच्या उत्तरार्धात पेरून सप्टेंबरच्या मध्यावर, उघडीप पाहून, फुलावर येण्याच्या सुमारास गाडला. ४५ ते ५० दिवसांचा ताग एकरी २५ ते ३० किलो नत्र जमिनीत आणतो, पण त्या खरिपातले सोयाबीन सोडावे लागते, आणि थोरल्यांना हे पटवायला एक दिवाळी गेली. शेवटचे पाणी दाणा दुधात असतानाच थांबवले. विहिरीकडचा एकर सोडून उरलेल्या २ एकरांत सुजाता घेतली. ही इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राची जुनी, उंच, कमी पाण्यावर येणारी सरबती जात. उंच जाती लोळतात म्हणून मागे पडल्या खऱ्या, परंतु त्या लोळतात भरपूर युरियावर. सेंद्रिय शेतात तेवढे नत्र नसतेच, आणि त्यांची उंची व झुकलेली पाने तणावर जी सावली धरतात तिचा फायदा मात्र पुरेपूर मिळतो.

रूपांतराच्या दुसऱ्या वर्षी एकरी ६ क्विंटलांच्या घरात आलेले उत्पादन दोन हंगामांनी ९ ते १० क्विंटलांवर स्थिरावले. शेजारच्या रासायनिक गव्हाच्या ते निम्मेच आहे. पोटियाचे प्रमाण कठियात कमी झाले, संपले नाही. निंदणीची मजुरी निम्म्यावर आली, आणि माझ्या अंदाजाने या तुकड्याचा हिशेब जुळला तो उत्पादनवाढीपेक्षा या बचतीमुळे आणि घरपोच विक्रीच्या भावामुळे. हाच गहू छावणीच्या मंडीत नेऊन ओतला असता तर तो तोट्यात गेला असता.

विहिरीकडचा एकर

वरचे सगळे उपाय बियांपासून उगवणाऱ्या तणावर चालतात. हिरनखुरीवर ते चालले नाहीत, उलट काही अंगावर आले. तिची मुळे काही मीटर खोल जातात आणि मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब फुटतो, त्यामुळे वखरपाळीने तिचे एकाचे दहा वेल झाले, आणि पाळी देणारा वखर न पुसता पुढच्या तुकड्यात गेल्याने ती दोन नव्या जागी दिसू लागली. मेमधल्या खोल नांगरटीने हरळीच्या काशा (जमिनीखालची खोडे) उन्हात वाळून गेल्या, पण हिरनखुरीची खालची मुळे नांगराच्या आवाक्यात येतच नाहीत. शेजाऱ्यांनी नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटे) जाळण्याचा सल्ला दिला. त्याने पृष्ठभागावरचे थोडे बी मरते, जमिनीतले मूळ मरत नाही, आणि सेंद्रिय शेतीच्या रीतीत ते बसतही नाही.

त्या एका एकरातून गहू दोन वर्षांसाठी काढला आहे. तिथे खरिपात दाट पेरलेली चाऱ्याची ज्वारी आणि रब्बीत बरसीम असा फेर ठेवला आहे, कारण पुन्हा-पुन्हा कापल्या जाणाऱ्या चाऱ्याखाली वेलाला पानांतून अन्न तयार करून मुळात साठवायला सवड मिळत नाही. पहिल्या वर्षीच्या बरसीमात वेल बारीक झालेला दिसतो, परंतु विहिरीच्या काठाने तो अजून तसाच आहे, कारण तिथे कापणी पोचत नाही. तो काठ वाटेकऱ्याने महिन्यातून दोनदा खुरप्याने मोकळा करायचा आणि त्याचे वेगळे पैसे धाकट्यांनी द्यायचे, असे यंदा ठरले आहे. त्या एकरात पुन्हा गहू घ्यायचा की चाराच कायम ठेवायचा, हे पुढच्या ऑक्टोबरात ओलवणी दिल्यावर किती कोंब वर येतात ते पाहून ठरेल.